पायरीवरचा रुपया

सहामाहीच्या सुट्टीत चार दिवस हुबळी-धारवाडला जायचं ठरलं, तेव्हा मी नेहमीप्रमाणे तीन याद्या केल्या. एक सामानाची, एक मैत्रिणीकडे न्यायच्या वस्तूंची आणि एक मला हव्या असलेल्या नाण्यांची. पहिल्या दोन पिशवीत होत्या. तिसरी निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत होती आणि ती वही हातात घट्ट धरून मी मिरजेच्या फलाटावर उभी होते.

हे नाण्यांचं प्रकरण आधी सांगून टाकते. मी शाळेत कारकून आहे. फीच्या खिडकीत बसून चिल्लर घेता घेता एकदा दहा पैशांचं एक नाणं बोटांना वेगळं लागलं. त्याची कड चंद्रकोरीसारखी कापलेली होती. कुणी कातरलेली नव्हती. टाकसाळीत पत्र्यातून चकत्या कापताना यंत्राचा घाव आधीच्या भोकावर पडला होता आणि चकती तशीच पुढे जाऊन तिच्यावर ठसा बसला होता. मी स्वतःचे दहा पैसे गल्ल्यात टाकले आणि ते नाणं घरी आणलं. तेव्हापासून खोड लागली. ठसा बाजूला सरकलेली नाणी, दोनदा ठसा बसलेली नाणी, ठसा न बसताच बाहेर पडलेल्या कोऱ्या चकत्या. सरकारी टाकसाळीच्या अशा चुका मी अकरा वर्षं गोळा करत होते. वहीत दोनशे अकरा नोंदी होत्या. प्रत्येक नोंदीला चार रकाने: किंमत, साल, चूक, कुठे मिळालं.

एक प्रकार मात्र माझ्याकडे नव्हता. मी त्याला उलटी छाप म्हणते. कधी कधी एक नाणं ठोकून झाल्यावर साच्यालाच चिकटून राहतं. त्याच्याखाली पुढची चकती येते आणि तिच्या एका बाजूवर साच्याऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचाच ठसा बसतो. मग एका बाजूला सिंह नेहमीसारखे उठावाचे आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह खोलगट, आरशात पाहिल्यासारखे उलटे. किंमत कुठेच नाही, सालही नाही. वहीच्या शेवटच्या पानावर मी हा प्रकार लिहून त्याच्याभोवती लाल चौकट काढली होती. अकरा वर्षं ती चौकट तशीच होती.

माझी शाळेतली मैत्रीण सुशीला लग्नानंतर तिकडे गेली. तिचे यजमान सरकारी नोकरीत आणि घर नवनगरला, म्हणजे हुबळी आणि धारवाडच्या मधोमध. तिनेच लिहिलं होतं, "इथल्या बाजारात खेड्यापाड्यातली चिल्लर पोत्याने येते. तुझी वेडी नाणी इथे सापडतील." एवढं वाचलं आणि मी रजेच्या अर्जाला टाचणी लावली.

गाडी लहान रुळांची. बेळगाव येईपर्यंत माझ्या पांढऱ्या रुमालाचा कोळशाने करडा रंग झाला. लोंढ्याच्या पुढे झाडी दाट झाली आणि डब्यात गारवा आला. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी कानटोपी घातली आणि मला म्हणाले, "अळणावरला उतरून चहा घ्या. इंजिन पाणी पितं तोवर गाडी हलत नाही."

अळणावरच्या फलाटावर लाकडाच्या ओंडक्यांचा वास होता. मी चहा घेतला. नळापाशी एक साठीची बाई पत्रावळींचे गठ्ठे घेऊन बसली होती. पळसाची पानं, बारीक काड्यांनी टाचलेली, एकही टोक बाहेर नाही. नीटनेटकं काम दिसलं की मी थांबतेच.

"एन बेकरी? (काय पाहिजे?)" तिने विचारलं आणि माझं लुगडं बघून लगेच मराठीत आली. "मिरजेच्या गाडीची बाई. घे की अक्का. जेवणाऱ्याच्या मांडीवर आमटी सांडली तर गंगक्काचं नाव बदल."

मी एक गठ्ठा घेतला. पैसे काढायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून वही तिच्या दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवली. पैसे देताना मला उपदेश केल्याशिवाय राहवेना. "गंगक्का, दिवाळी तोंडावर आहे. हा माल हुबळीच्या बाजारात न्या. इथे दिवसाला चार गठ्ठे खपत असतील, तिथे तासाला खपतील."

"न्यायची की. बारा वर्षं नेत होते."

"मग?"

"तिथं माझं नाव नासलंय." ती हसली, पण त्या हसण्यात पुढचं विचारायला जागा नव्हती. "जा, बस गाडीत. इंजिनाचं पाणी पिऊन झालं."

शिट्टी झाली. मी पत्रावळींचा गठ्ठा सांभाळत डब्यात चढले. गाडी रानात शिरल्यावर 'गंगक्का, पत्रावळ' एवढं लिहून ठेवावं म्हणून हात वहीकडे गेला आणि वही नव्हती.

दुसऱ्यांना 'वस्तू जागच्या जागी ठेवा' असं सांगणाऱ्या बाईची अशी फजिती झाली की ती कुणाला सांगतही नाही. धारवाडला सुशीला घ्यायला आली होती. तिने माझा चेहरा पाहूनच विचारलं, "पाकीट मारलं?"

"वही गेली."

"अगं, मग पाकीटच गेलेलं बरं होतं म्हणायचं!"

तिने मला पेढ्याच्या दुकानात नेलं. धारवाडचा पेढा तपकिरी, साखरेत घोळलेला, दाताखाली किंचित चरचरतो. दुःखात माणूस किती पेढे खातो याची नोंद करायला वही नव्हती हे एक बरं झालं.

नवनगरचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आणि घरं एका साच्यातून काढलेली. मला फार आवडलं. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून येताना मी सरळ दुसऱ्याच घरात शिरले, चपला काढल्या आणि स्वयंपाकघराकडे बघून "सुशीला, चहा टाक" म्हणाले. आतून लुंगीतले एक वृद्ध गृहस्थ आले. जराही न दचकता म्हणाले, "कुंद्री (बसा). चहा घ्या, मग तुमचं घर शोधू." चहा घेतला आणि घर शोधलं. ते समोरचंच होतं. दुपारी सुशीलाने ज्वारीची रोट्टी (भाकरी), शेंगाचटणी आणि भरलं वांगं असं जेवण वाढलं, अर्थात गंगक्काच्या पत्रावळीवर. आमटी सांडली नाही.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच बसने हुबळीला गेले. दुर्गदबैल म्हणजे तिथला जुना बाजार. एका बाजूला कापडाची दुकानं, एका बाजूला धान्याची, मध्ये हातगाड्या आणि रिक्षा. लोखंडी सामानाच्या गल्लीतून पुढे गेलं की पायाखाली सांडलेली तूर येते. मी वाटेत मिरचीभजी खाल्ली, चार दुकानांत सुटे मागितले आणि चारही ठिकाणी बोलणी खाल्ली. दिवाळीच्या तोंडावर सुटे मागणाऱ्या बाईला कोण उभं करणार?

पाचवं दुकान धान्याचं. एक सुतार दारातली लाकडी पायरी उखडायच्या तयारीने पहार घेऊन उभा होता.

"बाई, वर या नाहीतर खाली उतरा," आतून दुकानदार म्हणाला. "पायरी काढायची आहे. फरशी बसवतोय." चाळिशीचा, हसरा माणूस. त्याला सगळे विठ्ठलअण्णा म्हणत होते. घराणं मूळचं जतकडचं. आजोबा इथे आले आणि इथलेच झाले.

मी खाली पाहिलं. पायरीच्या फळीत नाणी ठोकलेली होती. पंधरा-वीस असतील. बहुतेकांच्या मधोमध खिळा.

"हे काय हो?"

"आमच्या अप्पांची, म्हणजे वडिलांची रीत. खोटं नाणं आलं की पायरीला ठोकायचं. पैशाला आपण पाय लावत नाही ना? पण खोट्याला लावायचा. गिऱ्हाइकानं त्याच्यावर पाय देऊनच वर यायचं. म्हणजे आणणाऱ्याला लाज वाटते आणि ते परत बाजारातही फिरत नाही. आता हे विहिरीत टाका म्हणालेत अप्पा."

बाकीची नाणी शिशाची, मळकट, एका नजरेत खोटी. कडेचं एक तसं नव्हतं. रुपयाचं नाणं होतं. जुना निकेलचा रुपया, कठीण. त्यात खिळा शिरला नसावा, म्हणून कडेने तीन खिळे वाकवून दाबून बसवला होता. मी चपलेचा पट्टा लावायचं निमित्त करून खाली बसले आणि पदराने त्यावरची माती पुसली.

खोलगट सिंह. त्यांच्या बाजूला उलट्या अक्षरांत 'भारत'.

मी पट्टा काढला, परत लावला, परत काढला.

"तो बघताय होय?" अण्णा म्हणाला. "त्याची मोठी कथा आहे. अळणावरची एक पत्रावळीवाली यायची. गंगी. तिनं दिला हा. सहा वर्षं झाली. अप्पांनी भर बाजारात तिला उभी करून सांगितलं, ह्या बाईचा माल बघून घ्या आणि पैसाही बघून घ्या."

पोती उतरवणारा हमाल थांबला. "अण्णा, तिचा लेक कारखान्यात कामाला होता ना? आम्ही विचारायचो, गंगे, लेकानं रुपयाचाच कारखाना काढला काय गं!"

दोघे हसले. सुतारही हसला. तोही ओळखत असावा.

खरं दडवायच्या तीन संधी मला मिळाल्या आणि तिन्ही मी घेतल्या. पहिली ही. त्याच क्षणी मला अळणावरचा नळ आठवला होता, 'माझं नाव नासलंय' हे शब्द आठवले होते. हा रुपया सरकारी टाकसाळीत पडलेला आहे, तितकाच खरा आहे, हे त्या बाजारात फक्त मला माहीत होतं. मी पट्टा लावत राहिले.

दुसरी संधी अण्णानेच दिली. बोलता बोलता मी शाळेत फीचे पैसे घेते हे त्याला कळलं होतं. तो म्हणाला, "तुमच्या हाताखालून एवढी नाणी जातात. हा खोटाच ना हो? मला कधी कधी वाटतं, खोटा पाडणारा इतकं बारीक काम करील आणि किंमतच घालायला विसरेल, असं कसं?"

अण्णा खरेपणाच्या दारात येऊन उभा होता. मी दार लावून घेतलं.

"खोटाच," मी म्हणाले. "किंमत नाही तर नाणं कसलं?"

तिसरी. "मला द्याल का हा? शाळेत दाखवायला. काय पैसे होतील ते घ्या."

अण्णाने दोन्ही हातांनी कान धरले. "खोट्याचे पैसे घेतले तर अप्पा मलाच ठोकतील फरशीला! न्या तसाच. फक्त बाजारात फिरवू नका, बाई. तेवढा शब्द द्या."

मी शब्द दिला. सुताराने खिळे उचकटले आणि रुपया माझ्या तळहातावर ठेवला. फुकट घेतल्याचं ओझं नको म्हणून मी दोन किलो मुगाची डाळ विकत घेतली.

"मिरजेत डाळ मिळेनाशी झाली काय?" सुशीलाने विचारलं. मी तिला रुपया दाखवला. माझ्या पिशवीत भिंग आणि लोहचुंबक नेहमी असतं. जुन्या निकेलच्या रुपयाला लोहचुंबक ओढून घेतं, शिशाच्या खोट्या नाण्याला नाही. चुंबक जवळ नेताच रुपया टक्कन उडून चिकटला. सुशीलाने टाळी वाजवली. "अकरा वर्षांनी! कुणाकडून मिळाला गं?"

"एका दुकानातून," मी म्हणाले. त्यात काही खोटं नव्हतं, आणि हे मी मनातल्या मनात स्वतःला दोनदा सांगितलं.

चौथ्या दिवशी परतीची गाडी. धारवाडला चढतानाच मी डब्यातली अशी खिडकी निवडली की अळणावरला फलाट दुसऱ्या बाजूला येईल. यात किती योजना होती ते आता लिहिताना कळतं. वही तिथेच विसरली असेल हा अंदाज मला होता. तरी मी ठरवलं होतं की उतरायचं नाही. दोनशे अकरा नोंदी गेल्या तर जाऊ देत, पण त्या बाईसमोर उभं राहायचं नाही.

गाडी थांबली. मी झाडं मोजू लागले. फलाटावरून आवाज येत होता, एकेका डब्यापाशी थांबत.

"वहीवाली बाई! निळ्या वहीची बाई हाय का हो?"

चहावाला तिला चिडवत होता. "गंगक्का, तीन दिवस ओरडतीस. ती बाई तिकडं नवीन वही घेऊन मोकळी झाली असंल!"

"गप रे. एवढं बारीक लिहिलंय त्यात. नवीन कुठलं होतंय?"

माझ्या शेजारच्या बाईने दाराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "कुणाची तरी वही सापडलीय वाटतं." मी उठले. दाराशी गेले.

वही पळसाच्या पानांत गुंडाळून वाखाच्या दोरीने बांधलेली होती. "पावसाची सर आली होती परवा," गंगक्का म्हणाली. "सोडून बघ. पानं सगळी हायत का मोजून घे."

"मोजायची गरज नाही."

"मोज गं. मागनं बोलायला नको."

मी पाच रुपयांची नोट पुढे केली. तिने हात मागे घेतला. "वही ठेवल्याचे पैसे? आणि नोट मोडून सुटे दिले तर तू वाजवून बघत बसशील. माझ्या हातचा पैसा लोक वाजवून बघतात, ठाऊक नाही तुला." आणि ती हसली, पहिल्या दिवशीसारखंच.

मी गाडीतून खाली उतरले. पाकीट उघडून रुपया काढला आणि तिच्या हातावर ठेवला. तिने तो उलटवला नाही, नुसता अंगठ्याने चाचपला.

"हा माझा," ती म्हणाली.

"गंगक्का, हा खोटा नाही. सरकारी टाकसाळीतच असा पडलाय. यंत्राची चूक आहे. नाणं खरं आहे."

तिने मूठ मिटली आणि म्हणाली, "हे अण्णाला सांगितलंस?"

"नाही."

"दुकानात तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला इथं सांगून काय उपयोग गं? मला ठाऊकच होतं की. माझ्या लेकाच्या पहिल्या मनीऑर्डरीतला रुपया. मी काय तो घरात बसून केला होता?"

गार्डाने झेंडी दाखवली. मी डब्यात चढले, दोन्ही पिशव्या उचलल्या आणि खाली उतरले. माझ्यासमोरून गाडी मिरजेकडे निघून गेली. शेजारची बाई खिडकीतून बघत राहिली.

"मी हुबळीला जाऊन सांगते," मी म्हणाले. "दुपारची गाडी आहे."

"एकटी?"

"तुम्हाला यायला नको वाटत असेल."

"तू एकटी गेलीस तर मागनं म्हणतील, गंगीनं बाईला पढवून पाठवलं." तिने रुपया माझ्या हातात परत दिला आणि दोन गठ्ठे डोक्यावर चढवले. "चल. बाजारात रिकाम्या हातानं जायचं नाही."

हुबळीपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी वही उघडली नाही. वाटेत एकदाच ती म्हणाली, "लेकाला अजून सांगितलेलं नाही मी. त्याला वाटतं, माझे गुडघे दुखतात म्हणून मी बाजार सोडला."

दिवेलागणीच्या सुमारास आम्ही दुर्गदबैलात पोचलो. लाकडी पायरीच्या जागी नवी करडी फरशी बसली होती. गंगक्का तिच्या अलीकडे थांबली. गादीवर अण्णाच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. डोक्यावर काळी टोपी, पाठ सरळ. ते अप्पा. दुकानात पाच-सात गिऱ्हाइकं होती, आणि तो कालचा हमालही होता. त्याने गंगक्काला पाहिलं आणि पाठीवरचं पोतं हळूच खाली ठेवलं.

मी जे सांगायचं ते मुद्द्यांत सांगितलं. माझी तीच सवय. एक, हा रुपया खरा आहे. दोन, तो असा का दिसतो. तीन, मी तो काल इथून खोटं बोलून नेला.

"अहो पण बाई," अण्णा गोंधळून म्हणाला, "काल मी विचारलं तर तुम्हीच म्हणालात खोटा!"

मी लोहचुंबक काढलं. त्यांच्याच गल्ल्यातला एक जुना रुपया मागितला. तो चिकटला. सुताराने काढून ठेवलेली शिशाची नाणी एका डबीत होती. त्यांतलं एकही चिकटलं नाही. मग गंगक्काचा रुपया ठेवला. तो टक्कन उडाला. कुणीतरी मागून म्हणालं, "आँ!" अप्पांनी शेजारच्या सराफाकडून काटा आणवला. दोन्ही पारड्यांत दोन रुपये ठेवले. काटा मध्ये येऊन थांबला. अप्पांनी दोन्ही दगडावर वाजवून पाहिले, डोळे मिटून ऐकले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काल तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं."

"मला नव्हतं ठाऊक, बाई."

एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तो रुपया उचलला आणि दोन्ही डोळ्यांना लावला. "सहा वर्षं," ते अण्णाला म्हणाले, "सहा वर्षं खऱ्या लक्ष्मीवर मी गावाला पाय द्यायला लावला." मग खाली बघून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गंगक्का, वर या. बर्री (या)."

"वर यायचं मागनं," गंगक्का म्हणाली. "आधी माझा रुपया."

अप्पांनी तो स्वतः उठून तिच्या हातात दिला. तिने तो पदराने पुसला. माझ्या मनात तेव्हाही काय आलं तेही लिहायला हवं. आता ती हा माझ्याकडे देईल, असं मला वाटलं. मी तो जपून ठेवीन हे तिला ठाऊक होतं. वहीतली लाल चौकट माझ्या डोळ्यांसमोर होती.

तिने रुपया गादीच्या कडेवर टाकला. "ह्याचा गूळ दे."

अण्णाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अक्का, हा ठेव की तुझ्याकडे. गूळ असाच घेऊन जा."

"का? हा चालत नाही?"

"चालतोय की."

"मग घे."

"घे रे," अप्पा म्हणाले.

अण्णाने पावशेर गूळ तोलला, कागदात बांधला आणि रुपया गल्ल्यात टाकला. इतर नाण्यांवर पडल्याचा आवाज झाला, इतर नाण्यांसारखाच. तेव्हा गंगक्का फरशीवर पाय देऊन वर गेली.

"पत्रावळीचा काय भाव?" अप्पांनी विचारलं.

"सहा वर्षांत वाढलाय," ती म्हणाली आणि सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने हमाल हसला, आणि मग त्याने तिचे दोन्ही गठ्ठे न सांगता उचलून आत नेले.

मी खालीच उभी होते. मला कुणी वर या म्हटलं नाही. माझ्या पाकिटात सुटे होते. अण्णाला एक रुपया देऊन तो रुपया बदलून मागायचा, एवढंच काम. फीच्या खिडकीत मी ते कितीतरी वेळा केलं होतं. मी पाकीट पिशवीत खाली सरकवलं.

निघताना गंगक्का पायरीपर्यंत आली. ती त्या दिवशी अण्णाच्या घरी राहणार होती. अप्पांनी तसं सांगितलं होतं. "तुझी गाडी चुकली," ती म्हणाली.

"हो."

"सकाळी आहे एक." तिने गुळाचा एक खडा तोडला आणि माझ्या हातावर ठेवला, बाहेरगावी जाणाऱ्या कुणाच्याही हातावर ठेवावा तसा. "वही नीट धर." माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही.

रात्र सुशीलाकडे काढून दुसऱ्या दिवशी मी मिरजेला पोचले. याद्यांपैकी दोन पूर्ण झाल्या होत्या. मुगाची डाळ डब्यात भरली. मग वही उघडली. पानांना अजून पळसाचा वास होता.

लाल चौकटीत मी लिहिलं: एक रुपया, साल नाही, उलटी छाप, दुर्गदबैल, हुबळी. आणि पुढे लिहिलं: पाहिला, माझ्याकडे नाही. तो आता कुठल्या तरी गल्ल्यात किंवा कुणाच्या तरी मुठीत असेल. कदाचित पुन्हा कुणीतरी तो नाकारेल, आणि तिथे सांगायला कुणी नसेल.

चार रकाने वाचत असताना माझ्या लक्षात आलं की त्यात एक रकाना कधीच नव्हता. मी पट्टी घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाचवी रेघ ओढली. वर लिहिलं, 'कुणाकडून'. प्रत्येक नाणं कुणीतरी खिडकीतून नाहीतर गल्ल्यावरून माझ्या हातात दिलं होतं. बोट लावून मी प्रत्येक नोंदीपाशी थांबले. ते कोण होते, नाणं वेगळं आहे म्हणून ते देताना संकोचले होते का, आधी कुठल्या दुकानात त्यांना कुणी हिणवलं होतं का, मला एकाचंही आठवेना. मी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

दोनशे अकरा जागा कोऱ्या राहिल्या. भरता आली ती एकच, जे नाणं माझं नाही त्याची. तिथे मी लिहिलं, गंगक्का, अळणावर.